सतरा भागिले चार

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी चौथीच्या फळ्यावर ‘१७ ÷ ४’ लिहिलं आणि खडू हातात धरून वर्गाकडे वळले. चौथीत नऊ मुलं आहेत. त्याच खोलीत, त्यांच्याकडे पाठ करून तिसरीची अकरा बसतात. त्यांना मी शुद्धलेखन दिलं होतं. म्हणजे दहा मिनिटं तरी तिकडून पेन्सिल चोरल्याची फिर्याद यायची नव्हती.

‘सतरा गोळ्या चौघांत सारख्या वाटायच्या,’ मी म्हटलं, ‘तर प्रत्येकाला...’

टेबलावरचा फोन टुंग करून वाजला.

ते गणित शनिवारपर्यंत फळ्यावर तसंच होतं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, बार्शी तालुक्यातली. पहिली ते चौथी, पट ४३, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत, त्यामुळे हिशेब चोख आहे. त्या दोघांतले एक आमचे सर. त्यांच्याकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार आहे. शालार्थवर पगारबिलं, यू-डायस, तांदळाची मागणी, बँकेचं पासबुक आणि सह्या असा तो भार असल्यामुळे ते बहुतेक वेळ तो तालुक्याच्या गावी जाऊनच सांभाळतात. दुसरी मी. उरलेली शाळा माझ्याकडे असते.

तर फोन. केंद्राच्या ग्रुपवर निरोप होता: ‘अति तात्काळ. सर्वोच्च प्राधान्य. सोबतच्या लिंकवर आपल्या शाळेच्या परसबागेची माहिती आज दुपारी १२ पर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.’

‘निरंक’ हा शब्द शिक्षकांखेरीज मराठीत कोणी वापरत असेल तर ते महसूल खातं. आमच्या तोंडात तो इतका बसलाय की मागे मुलीने ‘आई, बिस्किटं आहेत का?’ विचारलं तेव्हा मी ‘निरंक’ म्हणाले. तिने बाबांना विचारलं, ‘ते कोणतं बिस्किट असतं?’

परसबाग आमच्याकडे होती, नाही असं नाही. जूनमध्ये मुलांनी मोठ्या हौसेने वाफे केले, मेथी, कोथिंबीर, वांगी लावली. जुलैत ती उगवली. ऑगस्टात ती शेळ्यांनी खाल्ली. शेळ्या कोणाच्या हे अख्ख्या गावाला माहीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही. तेव्हा निरंक हेच खरं उत्तर होतं आणि मी ते प्रामाणिकपणे द्यायला निघाले होते, हे वाचकांनी पुढचं वाचताना ध्यानात ठेवावं.

शाळेत निरोप येण्यापुरती रेंज असते, लिंक उघडण्याइतकी नाही. तेवढी रेंज मारुतीच्या पारावर आहे, तीही शेंदरी दगडाच्या डाव्या अंगाला उभं राहिलं तर. मी फोन हातात धरून तिथे गेले. पारावरच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे सरकून जागा दिली. ‘काय मॅडम, आज शाळा न्हाई का?’ असं एकाने विचारलं. हा प्रश्न मला आठवड्यातून सरासरी चारदा विचारला जातो आणि दर वेळी शाळा असतेच.

लिंक उघडली. पहिला रकाना: परसबागेचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. मी शून्य भरला. खाली तांबड्या अक्षरांत आलं: ‘शून्यापेक्षा मोठी संख्या भरा.’ मी ‘निरंक’ लिहिलं. आलं: ‘फक्त अंक भरा.’ वर्गात तोपर्यंत तिसरीचं शुद्धलेखन संपून कुस्ती सुरू झालेली असणार, हे मला पारावरून ऐकू येत होतं. मी १ भरला. पुढचा रकाना: वार्षिक उत्पादन, किलोमध्ये. तिथेही शून्य चालेना. डोक्यात अजून फळ्यावरचं गणित होतं. बोटांनी आपसूक १७ टाकलं. हिरवी खूण आली. ‘धन्यवाद.’

परत येईपर्यंत ग्रुपवर ‘ओके सर’ सुरू झालं होतं. एका निरोपावर पन्नास-साठ ‘ओके सर’ पडतात आणि मूळ लिंक त्यांच्याखाली गाडली जाते. मग कोणीतरी लिहितं, ‘सर, लिंक पुन्हा पाठवा.’ लिंक पुन्हा येते. तिच्यावर पुन्हा साठ ‘ओके सर’. बारा वाजता ‘अद्याप प्रलंबित शाळा’ अशी यादी पडली. तिच्यात माहिती भरलेल्या आम्हीही होतो.

आमचे वडीलही प्राथमिक शिक्षकच होते. ते गावातल्या लोकांची पत्रं वाचून दाखवायचे. मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर, तिच्या खालच्या चार ओळी, त्यात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, दोन्ही त्यांना कळायचं. लोक त्यांना गुरुजी म्हणायचे. आता पत्रं येत नाहीत, ओटीपी येतात. तो वाचायलाही मास्तरणीकडेच यावं लागतं. ओटीपीच्या ओळींमधलं वाचण्यासारखं मात्र काही नसतं.

मंगळवारी भागाकार घेण्याचा माझा पक्का विचार होता. पण मंगळवारी पोषण आहाराच्या नोंदी तपासायला येणार असल्याची कुणकुण लागली. कुणकुण हा आमच्या खात्यातला सगळ्यात जलद संदेश. त्याला रेंज लागत नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ असा हिशेब आहे. ४३ मुलं म्हणजे चार किलो तीनशे ग्रॅम. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींकडे वजनकाटा आहे आणि तो कपाटात आहे. त्या मोजतात ते एका चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्याने. मी एकदा तो डबा भरून काट्यावर ठेवून पाहिला, तर दहा ग्रॅमचाही फरक नाही. मी चौथीत होते तेव्हा, १९९५ साली, ही योजना आली. त्या वेळी खिचडी नव्हती. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. मी ताप अंगात घेऊन शाळेत गेलेली आहे. मध्यंतरी आठवड्याला एक अंडं मिळायचं, न खाणाऱ्याला केळं. त्या वारी हजेरी ४३ पैकी ४३. शिक्षणाची गोडी कशी लावावी यावर मी बरीच प्रशिक्षणं केली, पण अंड्याच्या जवळपास जाईल असं एकातही ऐकलं नाही.

खिचडी शिजली की मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये शेरा लिहून सही करायची. पालकांना वेळ नसतो. एक आजोबा मात्र रोज येतात. त्यांची नात दुसरीत आहे. त्यांची चव घेणं पोटभर असतं. मावशी त्यांना ताटच वाढतात. मग हात धुऊन, चष्मा लावून ते शेरा लिहितात. माझा शेरा रोज ‘चव उत्तम’ असतो. त्यांचा ‘मीठ कमी’, ‘कालच्यापेक्षा बरी’, ‘वरण पातळ, पण पोरं जेवली’ असा असतो. आमच्या शाळेच्या सगळ्या दप्तरात खरं असं तेवढंच आहे. तपासायला आलेल्यांनी ते रजिस्टर उघडलं, पाच-सहा पानं चाळली, गालातल्या गालात हसले आणि खालच्या बाजूला लिहिलं: ‘मीठ वाढवावे.’ मग दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘फळ्यावर काय आहे ते? छान, छान. चालू ठेवा.’

शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे शिक्षकांना शिक्षणाबाहेरची तीनच कामं देता येतात: दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्यांपैकी जनगणना २०११ नंतर झालीच नाही. तेवढी एक सवलत आम्ही भोगत होतो, तीही आता संपत आली. निवडणुकीसाठी मी बीएलओ आहे, म्हणजे मतदार यादीत कोण आलं, कोण गेलं आणि कोण जिवंत असून यादीत वारलं, याची चौकशी माझ्याकडे असते. परसबाग या तिन्हींपैकी कशात बसते ते मला कळलेलं नाही. बहुधा आपत्तीत.

बुधवारी हळदीकुंकू.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावातल्या प्रत्येक घरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घरी मॅडम लागतात. ‘मॅडम येऊन गेल्या’ हे ज्या घराला सांगता येत नाही त्या घरातली मुलं पुढचे आठ दिवस शाळेत फुगून बसतात. पण जायचंही जपून. गावात दोन पार्ट्या. आधी सरपंचांच्या आळीत गेलं तर पलीकडची आळी नाराज, आधी पलीकडे गेलं तर शाळेच्या कंपाउंडचा ठराव लांबणीवर. मी दोन वर्षांच्या अनुभवाने यावर तोडगा काढलाय. मध्यभागी, मारुतीच्या देवळापासून सुरुवात करायची आणि एक घर उजवीकडचं, एक घर डावीकडचं, असं लेझमीच्या चालीने पुढे जायचं.

पाच वाजता शाळा सुटली तशी मी निघाले, ते साडेआठपर्यंत. एकोणीस घरं झाली. प्रत्येक ठिकाणी ‘अर्धा कप तरी घ्या’. एकोणीस अर्धे कप म्हणजे साडेनऊ कप चहा. प्रत्येक ठिकाणी तिळगूळ. आणि प्रत्येक ठिकाणी, ओटीत वाण पडायच्या आधी, ‘मॅडम, नाव घ्या की!’ बाकीच्या बायकांना एकच उखाणा घरोघर चालतो. मास्तरीण बाईला तो पुन्हा घेता येत नाही. दुसऱ्या घरातली कोणीतरी तिसऱ्या घरात आलेलीच असते, ती म्हणते, ‘हा झाला मघाशी.’ आठव्या घरापर्यंत पाठ केलेले संपले. मग चालता चालता जुळवायला लागले. अकराव्या घरी तोंडातून आलं ते हे:

सतरा भागिले चार, बाकी उरला एक,
अमुकरावांचं नाव घेते, गुरुजींची मी लेक.

बायकांना तो फार आवडला. माजघरातून एका मुलाचा आवाज आला, ‘मॅडम, हे गणित आपण केलं नाही अजून.’ चौथीतलाच होता. मी पोराकडे दुर्लक्ष करून कुंकवाची कोयरी पुढे केली.

त्या घरात खरं काम पुढेच होतं. सासूबाईंनी पदराखालून फोन काढला. ‘ह्यात काय आलंय बघा हो. लाडक्या बहिणीचं केवायसी म्हणायलेत सगळ्या.’ मी चष्मा लावून बसले. मग जावेचा फोन आला, मग शेजारणीचा. हळदीकुंकवाचं तबक बाजूला आणि माझ्या मांडीवर चार फोन. एकीच्या आधारावर मोबाइल नंबर भावाचा, भाऊ पुण्याला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘ओटीपी आला, पण मी गाडी चालवतोय.’ आम्ही सगळ्याजणी तो गाडी बाजूला घेईपर्यंत गप्प बसलो. त्याने सहा आकडे सांगितले. सासूबाईंनी ते मोठ्याने घोकले. एवढ्या एकाग्रतेने आकडे म्हणणारा एक जरी विद्यार्थी माझ्या वर्गात असता!

वाण म्हणून यंदा गाळणी मिळाली. आठवडी बाजारात म्हणे एक माणूस चहाच्या गाळण्यांचा ढीग घेऊन बसला होता, दहाला एक. गावात त्या दिवशी दुसरं स्वस्त काही नव्हतं. एकोणीस घरं, एकोणीस गाळण्या: हिरव्या, निळ्या, तांबड्या, प्लास्टिकच्या दांड्याच्या. स्कूटीच्या डिकीत मावेनात, म्हणून हँडलला पिशवी अडकवून मी बार्शीला आले. दार उघडल्यावर यजमानांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, ‘चहा आणला का?’

गुरुवारी केंद्रशाळेत शिक्षण परिषद. मुलांना बसवून ठेवू नये, त्यांना हालचाल करू द्यावी, या विषयावर आम्ही चार तास बसून होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पोहे चांगले होते.

दुपारी मात्र एक गोष्ट घडली. आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी समोरचा कागद उचलला आणि माझ्या शाळेचं नाव घेतलं. ‘आपल्या केंद्रात परसबागेत एक शाळा सगळ्यांत पुढे आहे. एका चौरस मीटरमध्ये सतरा किलो उत्पादन! मॅडम कुठे आहेत? उठा, उठा. दोन मिनिटं अनुभवकथन करा.’

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. आमचे सर शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं, ते पाहतच राहिले.

मी उभी राहिले. ठरवलं, खरं सांगून मोकळं व्हायचं. ‘साहेब,’ मी म्हटलं, ‘आमच्या परसबागेत खरं तर काहीच नाही.’

‘बघा!’ साहेब सभेकडे वळून म्हणाले. ‘काही नाही! ना खत, ना फवारणी! पूर्ण सेंद्रिय!’

टाळ्या पडल्या.

‘तसं नाही साहेब, म्हणजे ती शेळ्यांनी...’

‘शेळ्यांची लेंडी!’ साहेब म्हणाले. ‘आता बोला. आपल्याकडे आहे ते आपण वापरत नाही.’ दोघांनी वहीत लिहून घेतलं. मी खाली बसले. माझं सगळं आयुष्य शब्दांचे अर्थ समजावून सांगण्यात गेलं आणि त्या दिवशी दोन वाक्यांचा अर्थ मला पोचवता आला नाही.

परतताना सर एवढंच म्हणाले, ‘एक टाकायचा होता तर उत्पादनातही एकच टाकायचा.’

शुक्रवारी सव्वीस जानेवारीच्या भाषणांचा सराव. आमच्याकडे भाषण हा प्रकार सुरुवातीने ओळखला जातो. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ हे मुलं एका दमात म्हणतात, मग श्वास घेतात, आणि मग सगळं विसरतात. तिसरीतला एक मात्र विसरत नाही. त्याने तीन जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण केलं होतं, ते त्याला इतकं पक्कं बसलंय की आता त्याला दुसरं भाषण येत नाही. तो पुढे आला, हात पाठीमागे बांधले आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, ‘आज आपण प्रजासत्ताक दिन साजरा करत आहोत. प्रजासत्ताक दिनाचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला.’

मी त्याला थांबवलं नाही. पुढे प्रजासत्ताक दिनाचं लग्न झालं, मग त्याने १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा काढली, आणि शाळेत जाताना लोकांनी त्याच्या अंगावर चिखल आणि शेण टाकलं. एरवी ऐकून सरावाचं झालेलं ते वाक्य त्या दिवशी कानाला जरा वेगळंच लागलं. ज्या बाई चिखल झेलून शिकवायला जात होत्या त्यांच्या फोटोखाली बसून आपण लिंकांबद्दल कुरकुर करतो, असं मनात आलं. म्हणून मी तेव्हाच्या तेव्हा खडू उचलला आणि चौथीला म्हटलं, ‘वह्या काढा. भागाकार.’

लेझमीचे ढोलवाले दारात उभे होते. ते सरपंचांनी पाठवले होते, त्यांना परत पाठवता येत नव्हतं.

भागाकार झाला तो शनिवारी. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेसातला. त्या वेळी तालुका झोपलेला असतो. परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, २०२३ पासून राज्यगीतही असतं, ते झालं. पावणेआठला मी वर्गात आले, फोन सायलेंट करून कपाटात ठेवला आणि पिशवी टेबलावर ओतली. दोन गाळण्या घरी ठेवल्या होत्या, एक आमच्याकडे आणि एक सासूबाईंना. उरल्या सतरा.

नऊ मुलांमधून चार जणांना पुढे बोलावलं. ‘वाटा सारख्या.’

पहिल्या बाकावरच्याने पत्ते वाटतात तशा एकेक फेरीने वाटायला सुरुवात केली. एक फेरी, दोन, तीन, चार. चौघांच्या हातात चार-चार गाळण्या आणि टेबलावर एक तांबडी. चौघांनी एकदम तिच्यावर हात टाकला.

‘भाज्य सतरा, भाजक चार, भागाकार चार,’ मी फळ्यावर लिहीत गेले. ‘आणि ही उरली ती?’

‘बाकी!’ सगळे ओरडले. ओरडण्यात तिसरीही होती.

‘बाकीचं काय करायचं?’ हा प्रश्न पुस्तकात नाही. मी सहज विचारला आणि पस्तावले, कारण पुढची वीस मिनिटं त्यात गेली. एक म्हणाला, ‘चार तुकडे करा.’ दुसरा म्हणाला, ‘मग चहा कसा गाळायचा?’ ज्याने वाटल्या त्याचं म्हणणं, वाटणाऱ्याची मजुरी म्हणून त्याला द्यावी. त्याचे वडील एजंट आहेत. एकीने ती सरळ मला देऊ केली. मी ‘नको’ जरा जास्तच जोरात म्हणाले. शेवटी मागच्या भिंतीला टेकून बसणारी, महिन्यातून जेमतेम दोनदा तोंड उघडणारी मुलगी म्हणाली, ‘मावशीची गाळणी फाटलीय. सरांच्या चहात पावडर येते.’

तांबडी गाळणी मावशींकडे गेली. मग मी वह्यांत गणित मांडायला सांगितलं. आठ जणांनी ‘बाकी १’ लिहिलं. त्या मुलीने लिहिलं: ‘बाकी मावशी.’

मी बरोबरची खूण केली. तपासायला कोणी आलं तर बघून घेईन.

कपाटातून फोन काढला तर अकरा मिस्ड कॉल. शेजारच्या गावातल्या एका गुरुजींच्या सेवापूर्तीचा समारंभ अकरा वाजता आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. माझा आवाज खणखणीत आहे, ही माझी चूक. डी.एड.ला असताना एकदा वक्तृत्वात बक्षीस मिळालं. तेव्हापासून लग्नातल्या आशीर्वादपर भाषणांपासून डोहाळजेवणापर्यंत आणि बैलांच्या प्रदर्शनापासून पारायणाच्या सांगतेपर्यंत मी माइकसमोर उभी राहिलेली आहे. सूत्रसंचालकाचं मुख्य काम म्हणजे व्यासपीठावर कोणाचं नाव राहिलं नाही ना, ते पाहणं. चारोळ्या त्याच्यानंतर.

गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत होते. मंगल कार्यालय, फेटा, जोडीने सत्कार, पत्नीला साडी, सगळं रीतसर. चौदा वक्ते होते. प्रत्येकाने ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ अशी सुरुवात केली. पहिल्याने गुरुजी मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि हसतमुख असल्याचं सांगितलं. पुढच्या तेराजणांनीही तेच सांगितलं. गुरुजींना हसताना मी तरी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवशीही ते शालींच्या ढिगामागे खाली मान घालून बसले होते. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यावं, अशी सूचना मीच माइकवरून केली होती, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या सात प्रती झाल्या. दीड वाजता सत्कारमूर्ती उत्तर द्यायला उठले. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर माणूस काय बोलतो, ते ऐकायला मी माइकजवळच थांबले. गुरुजींनी सभेकडे पाहिलं, मागे पंगतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘भात गार व्हायलाय. चला, बसा.’

अख्ख्या कार्यक्रमात तेवढंच टाळ्यांशिवाय गेलं, आणि तेवढंच ऐकण्यासारखं होतं.

पंगतीत साहेब माझ्या समोरच्या पानावर आले. जिलेबी मोडत म्हणाले, ‘मॅडम, तुमचं नाव तालुक्याला गेलं बरं का. उत्कृष्ट परसबाग. मंगळवारी समिती येईल. फार काही नाही, झाडं दाखवायची, फोटो काढायचे. फळं धरलेली असली म्हणजे झालं.’ माझ्या घशाखाली जिलेबी उतरेना. त्यांना वाटलं आनंदाने.

आज रविवार. रथसप्तमी, म्हणून सकाळी अंगणात सूर्यासाठी दूध उतू घातलं. राष्ट्रीय मतदार दिन, म्हणून दहा वाजता बीएलओ या नात्याने चावडीसमोर मतदारांची शपथ घेतली. उद्या ध्वजवंदन, म्हणून दुपारी दोरीची गाठ तीनदा ओढून पाहिली. मागच्या वर्षी ती अडकली होती आणि झेंडूच्या पाकळ्या राष्ट्रगीत संपल्यावर माझ्या डोक्यावर पडल्या होत्या. एवढं उरकल्यावर मी, सर, सरपंच, मावशी आणि चव घेणारे आजोबा अशी बैठक शाळेच्या ओट्यावर बसली.

मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. सरपंच म्हणाले, मंगळवारपर्यंत शेळ्या बांधून ठेवतो. आपल्या शेळ्यांचा त्यांनी प्रथमच जाहीर उल्लेख केला, म्हणून मीही आता लिहिलं. आजोबांनी काठी घेऊन राखणीला बसायचं कबूल केलं, जेवणाचं तेवढं बघा म्हणाले. मावशींनी विचारलं, ‘किती वांगी दाखवायचीत?’

‘सतरा किलो,’ मी म्हटलं. ‘एका चौरस मीटरात.’

मावशींनी पदराने ओटा पुसला आणि बोटाने चौकोन काढला. ‘एवढ्या जागेत चार झाडं बसतील. आमच्या रानातली मुळासकट उपटून आणते, वरून माती लोटायची. एका झाडाला चार किलो वांगी लावू सुतळीने. म्हणजे चार चोक सोळा.’ त्या थांबल्या. ‘एक किलो बाकी राहतंय की ओ, मॅडम.’

त्यांनी चारही झाडं आणली आहेत, ती आता बारदानात गुंडाळून स्वयंपाकघराच्या मागे ठेवली आहेत. त्या बाकीचं मात्र अजून जमलेलं नाही. पाचवं झाड मीटरभर जागेत बसत नाही आणि चारांच्या फांद्या आणखी भार घ्यायला तयार नाहीत. तरी बार्शीच्या आसपास कोणाकडे चांगलं जाड बुंध्याचं, पाच किलो वांगी पेलेल असं एखादं झाड मातीच्या ढेकळासकट असेल, तर त्यांनी ते मंगळवारी सकाळी दहाच्या आत शाळेत आणून द्यावं. निरंक असल्यास निरंक कळवावे.